शेजारच्या सीटचं वजन

माणसाच्या आयुष्यात एक वय असं येतं, की आपण आजवर फारच सावकाश जगलो असं त्याला वाटू लागतं. या वयात काही जण गिटार आणतात, काही जण दाढी वाढवतात आणि काही जण डोंगर चढायला लागून हाडांच्या डॉक्टरांची भरभराट करतात. उरलेले, म्हणजे ज्यांना गाता येत नाही, ज्यांची दाढी विरळ उगवते आणि ज्यांचे गुडघे आधीच गेलेले आहेत, ते जुनी गाडी विकत घेऊन ट्रॅकवर पळवायला नेतात. प्रस्तुत लेखक या शेवटच्या गटात मोडतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. ट्रॅक एरवी शर्यतवाल्यांचा असतो, पण अधूनमधून तो दिवसभरासाठी तुमच्याआमच्यासारख्यांना खुला करतात. आपली गाडी आपण न्यायची, हेल्मेट घालायचं आणि गोल गोल फिरत राहायचं. शर्यत नसते, नंबर काढत नाहीत, बक्षीस नसतं. जिथून निघालो तिथेच परत यायचं. (माझी नोकरीही याच तत्त्वावर चालली असल्यामुळे हा खेळ मला पहिल्यापासून जवळचा वाटला.)

नोकरी विमा कंपनीत आहे. लोकांच्या गाड्या ठोकल्या गेल्या की त्यांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि ते कुठल्या नियमाखाली नाकारता येतील हे मी शोधून काढतो. बारीक अक्षरातला मजकूर वाचण्यात आमच्या कचेरीत माझा हात धरणारा कुणी नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे लागणार आहे म्हणून सांगतो.

घरची मंजुरी अनपेक्षित वेगाने मिळाली. बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासते. चूक दिसली की ती आरडाओरडा करत नाही, नुसती खूण करते आणि पुढे जाते. मी सगळी तयारी करून, आक्षेप आणि त्यांची उत्तरं पाठ करून प्रस्ताव मांडला. तिने ऐकून घेतलं.

"पळव की," ती म्हणाली. "फक्त एक आहे. पहिल्या दिवशी मी शेजारी बसणार."

"भीती नाही वाटणार?"

"बावीस वर्षं बसतेच आहे."

सदर अट मी तोंडी मान्य केली. तोंडी मान्य केलेल्या अटींचं पुढे काय होतं, हे माझ्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे.

आता गाडीची निवड. ट्रॅकसाठी घ्यायची गाडी 'परवडणारी' असावी असं सगळे जाणकार सांगतात. परवडणारी म्हणजे जिची किंमत बायकोला सांगताना आपला आवाज बदलत नाही अशी. अशा गाड्या जाहिरातींत सापडतात, पण जाहिरातींची भाषा शिकून घ्यावी लागते. 'इंजिन टकाटक' म्हणजे बाकी कशाबद्दल विचारू नका. 'किरकोळ काम आहे' म्हणजे काम आहे. 'एकहाती वापरलेली' म्हणजे दुसरा हात कुणी लावायला तयार नव्हता. आणि 'हौशी मालकाने जपलेली' याचा अर्थ मला त्या वेळी ठाऊक नव्हता, म्हणून तीच गाडी बघायला गेलो.

मालक दातांचे डॉक्टर होते. गाडी छोटी, लाल, दोन दारांची. पत्रा धड होता, इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं, सायलेन्सरमधून निळा धूर आला नाही. (मी मेव्हण्याने सांगितल्याप्रमाणे सायलेन्सरमागे ओणवा होऊन थांबलो होतो. डॉक्टर तोवर आभाळाकडे बघत होते.) मी विचारलं, एवढी चांगली गाडी विकता कशाला?

"ट्रॅकसाठी तयार केली होती," ते म्हणाले. "वजन कमी केलं. वायपर काढून टाकले, मोटरसकट."

"मग?"

"मग पाऊस आला."

असं म्हणून त्यांनी मला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन्ही वायपर आणि मोटर दिली, गाडीबरोबर फुकट. त्या दिवशी ते एकही फेरी न मारता घरी परतले होते, आणि तेसुद्धा पाऊस थांबल्यावर. मी कसाबसा गंभीर चेहरा करून रस्त्याच्या वळणापर्यंत आलो आणि मग पोट धरून हसलो. घरी येऊन पुन्हा हसलो. शिकलासवरलेला माणूस, आणि वायपर काढतो! बायको हसली नाही.

"तू काय काढणार आहेस?" तिने विचारलं.

प्रश्न अप्रस्तुत असल्याने मी त्याची नोंद घेतली नाही.

पूर्वतयारी दोन प्रकारची असते: आवश्यक आणि आनंददायक. आवश्यक तयारी गॅरेजवाल्याने एका दुपारीत उरकली. नवे ब्रेक पॅड, तापलं तरी दगा न देणारं ब्रेक ऑइल, चांगले टायर, इंजिन ऑइल आणि वायपर जागच्या जागी. हे सगळं गरजेचं होतं, त्यामुळे त्यात काही मजा नव्हती.

आनंददायक तयारी म्हणजे वजन-कपात. तिच्यासाठी एक समिती नेमण्यात आली. अध्यक्ष मी, तज्ज्ञ सल्लागार मेव्हणा. मेव्हण्याने आजवर एकही गाडी विकत घेतलेली नसल्यामुळे त्याचं ज्ञान शुद्ध राहिलं आहे. इंटरनेटवर गाडीची नटं खोलतानाचे जेवढे म्हणून व्हिडिओ आहेत, तेवढे त्याने पाहिले आहेत. "भाऊजी, शेकडा ऐंशी वेग हा वजनातच अडकलेला असतो," तो म्हणायचा. उरलेले वीस कुठे असतात हे त्याने सांगितलं नाही आणि मीही तगादा लावला नाही.

पद्धत शास्त्रीय होती. काढलेली वस्तू उचलून बाथरूमच्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आकड्यातून माझं वजन वजा करायचं. (माझं वजन केवळ वजाबाकीपुरतं विचारात घेण्यात आलं. त्यावर चर्चा झाली नाही.) सुटं चाक गेलं. जॅक गेला. रेडिओ गेला. पायाखालचा गालिचा, दारांच्या आतलं अस्तर, हातमोजे ठेवायच्या खणाचं झाकण, सगळं गेलं. मागची सीट मेव्हण्याने सल्ल्याची फी म्हणून नेली. दर रविवारी गाडी हलकी होत होती आणि मला वाटे, मीही होतो आहे. काट्याचं मत वेगळं होतं.

शेवटी गाडीत दोनच सीट उरल्या. त्यातली एक मला लागणार होती.

"अठरा किलो," मेव्हणा दुसऱ्या सीटकडे बघत म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

चार नटं होती. सुटायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बायको कामावरून आली, तेव्हा मी गाडीचं दार उघडून तिला नवी मोकळी जागा दाखवली, अठरा किलोंचं गणित सांगितलं, प्रत्येक वळणावर काय फरक पडेल तेही हात वळवून दाखवलं. ती त्या उघड्या पत्र्याकडे बघत राहिली.

"मग मी कुठे बसू?"

"तू कडेला उभी राहून बघ," मी म्हणालो. "तिथून जास्त चांगलं दिसतं."

त्या वेळी मला हे उत्तर फार समंजस वाटलं होतं. सीट मात्र तिने गॅलरीत नेऊन ठेवायला लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे बसून, लिव्हर ओढून पाठ मागे टाकून ती चहा पिऊ लागली.

ट्रॅकचा दिवस उजाडला. मी हलक्या गाडीतून पुढे निघालो आणि बायको घरच्या गाडीतून मागे. कारण माझ्या गाडीतून वजनापायी जे जे काढलं होतं, ते ते लागलं तर असावं म्हणून नेणं भाग होतं: सुटं चाक, जॅक, हत्यारं, पाण्याची बाटली, घडीची खुर्ची, माझं जॅकेट. घरच्या गाडीत यांखेरीज मागच्या काचेशी टिश्यूचा डबा, दोन उश्या, एक छत्री आणि कुणाच्या तरी जुन्या चपला कायमच्या वस्तीला आहेत. माझ्या गाडीत अस्तर नसल्याने रस्त्यावरचा प्रत्येक खडा मला व्यक्तिशः भेटून जात होता. मेव्हण्याला ऐन वेळी काम निघालं.

तपासणीला रांग होती. तपासनिसाने बॉनेट उघडलं, ब्रेक पाहिले, बॅटरी हलवून पाहिली, आतल्या रिकाम्या पत्र्यावरून हात फिरवला आणि मान डोलावली. नोकरीत माझ्या कुठल्याही कामाला कुणी अशी मान डोलावलेली नाही. मी बायकोकडे पाहिलं. तिनेही पाहिलं असावं.

मग प्रशिक्षक आले. सडपातळ गृहस्थ, काखेत हेल्मेट. त्यांनी माझ्या गाडीला वळसा घातला, पलीकडचं दार उघडलं आणि तिथेच उभे राहिले.

"मी कुठे बसू?"

हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं.

"तुम्ही कशाला बसताय?" मी विचारलं.

"पहिल्यांदाच आलात ना? नवीन माणसाबरोबर पहिल्या सत्रात प्रशिक्षक असतोच. नियमात आहे. वाचले नाहीत का?"

वाचले होते. इथे खुलासा आवश्यक आहे. नियमांचे दोन भाग होते, एक नवोदितांसाठी, एक अनुभवींसाठी. मी बावीस वर्षं गाडी चालवतोय. त्यामुळे मी अनुभवींचा भाग वाचला, तळटीपांसकट, दोनदा. नवोदितांचा भाग नवोदितांनी वाचावा असं माझं प्रामाणिक मत होतं. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो चहा येण्याच्या आत नाकारला असता.

पुढची काही मिनिटं मी, कचेरीत लोक माझ्याशी जसे बोलतात तसा बोललो. एवढ्या लांबून आलोय म्हणालो. माणुसकी म्हणून काही आहे की नाही, असंही म्हणालो. शेवटी उशी देऊ का, असं विचारलं.

"आणि पट्टा कशाला बांधू?" ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता. माझ्या खात्यात शोभला असता. "सीट आणता येईल का?"

सीट गॅलरीत होती, आणि गॅलरी अडीच तासांवर. महिनोन् महिने मी या एका सकाळची वाट पाहिली होती आणि ती सकाळ माझ्या समोरून जात होती, फार हलकी होऊन.

"ती गाडी कुणाची?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"ती? आमचीच. भाजी आणायची."

त्यांनी भाजीच्या गाडीचे ब्रेक पाहिले, टायर पाहिले, शेजारच्या सीटचा पट्टा ओढून पाहिला. सामान खाली काढायला लावलं. "ही चालेल. चालवणार कोण?"

मी किल्लीसाठी बायकोपुढे हात केला.

"मी," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, "हेल्मेट दे."

नोंदणीच्या टेबलावरही हे चालत होतं. माझं नाव खोडून तिचं घालायचं होतं. तिने लेखनिकाच्या हातातलं पेन घेतलं आणि छापखान्याच्या रीतसर खुणेने ती दुरुस्ती स्वतः केली. मी कित्येक दुकानं पालथी घालून निवडलेलं हेल्मेट तिला माझ्यापेक्षा नीट बसलं.

पहिल्या फेरीत तिने प्रत्येक वळणावर इंडिकेटर दिला. मागच्यांना जागा दिली, एकाला हात दाखवून पुढे जाऊ दिलं. कडेचे लोक हसत होते. मीही हसलो असतो, पण मी घडीच्या खुर्चीवर सुट्या चाकाजवळ बसलो होतो. तिसऱ्या फेरीपर्यंत तीच गत. चौथ्या फेरीला तिने इंडिकेटर देणं सोडलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. पाचव्या फेरीला ती समोरून गेली तेव्हा मला तिचा हेवा वाटला. मग आपल्याला बायकोचा हेवा वाटतो याची लाज वाटली. कडेला उभं राहून जास्त चांगलं दिसतं हे खरं आहे. फार चांगलं दिसतं, आणि दुसरं काहीच करता येत नाही.

दुपारी प्रशिक्षक उतरले. आता ती एकटी जाऊ शकत होती, किंवा कुणाला शेजारी घेऊन. गाडी माझ्यापुढे थांबली. तिने वाकून शेजारचं दार उघडलं.

"बस."

"वजन वाढेल," मी म्हणालो.

"वाढू दे."

प्रशिक्षकांनी त्यांचं हेल्मेट मला दिलं. पहिल्याच वळणावर माझ्या उजव्या पायाने जोरात ब्रेक दाबला. त्या बाजूला ब्रेक नसतो. बायकोचा पाय इतकी वर्षं असाच दाबला जायचा आणि मी दर वेळी तिची चेष्टा करायचो. तिने माझ्या पायाकडे एकदा पाहिलं आणि पुढे गेली. मी घाबरलो होतो आणि मला फार बरं वाटत होतं, आणि या दोन्ही गोष्टी तिला सांगायच्या होत्या, पण हेल्मेटमुळे ऐकू जात नव्हतं. घरी आल्यावर सांगितल्या.

पुढच्या वेळी आम्ही घरच्याच गाडीतून जाणार आहोत. ती चालवेल, मी शेजारी असेन, असं सध्या तरी ठरलं आहे. परवा मात्र ती टिश्यूचा डबा आणि छत्री हातात घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभी दिसली. आकडा बघून झाल्यावर तिने मान वर करून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं आहे.

त्यामुळे लाल गाडी विकणे आहे. हौशी मालकाने जपलेली. ब्रेक, टायर नवे, इंजिन उत्तम, वायपर चालू. शेजारची सीट मिळणार नाही, तिच्यावर संध्याकाळी चहा होतो. तुम्ही इथवर वाचलंत याचा अर्थ गाडी तुम्हाला हवी आहे, उगाच आढेवेढे घेऊ नका. शिकलासवरलेला माणूस आणि बायकोची सीट काढतो, असं तुम्ही मघाशी मनात म्हणालात तेव्हाच मी ओळखलं. यायच्या आधी फोन करा. कालपासून तिघे येऊन गाडी बघून गेले. तिघेही गंभीर चेहऱ्याने वळणापर्यंत गेले आणि तिथे पोट धरून हसले. आमच्या गॅलरीतून ते वळण स्वच्छ दिसतं.