झनकलालजींची माणसं

आमगावचे फोटोग्राफर झनकलालजी गिऱ्हाइकाला हसू द्यायचे नाहीत. कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून ओरडायचे, "काऊन हासून राहिला बे? दात डाक्टरले दाखवजो!" तहसीलदारांनाही त्यांनी हेच ऐकवलं; फक्त 'बे'च्या जागी 'साहेब' घातलं.

मागचा पडदाही त्यांनीच रंगवलेला. बिरसीच्या धावपट्टीवर पाहिलेलं विमान त्यावर काढलं होतं, शेपूट मात्र मोराची. पंचक्रोशीतला धान पिकवणारा प्रत्येक जण धोतर सावरून त्या विमानापुढे बसलेला.

एकदा बातमी आली, की विद्यापीठातले एक प्राध्यापक येणार आहेत. तिथल्या फोटोसंग्रहालयात प्रदर्शन चालू होतं, त्यासाठी त्यांना गावाकडचे फोटो हवे होते. झनकलालजींना अन्न गोड लागेना.

"मास्तर, येक तरी फोटो तिथं लागला पाह्यजे. आमगावात बी मानसं राह्यतात, हे कळू द्या त्यायले," ते मला म्हणाले.

फोटो शाळेच्या वर्गात मांडायचं ठरलं. सजावट माझ्याकडे. गावच्या शाळेत मी नवा मास्तर, आणि अंगात उत्साह नको तितका. भिंतीवर फ्रेम आणि फ्रेमला हार नाही, हे काही माझ्या संस्कारात बसेना. मी एकूण एक फोटोला झेंडूचा हार घातला. वर उदबत्त्याही लावल्या.

प्राध्यापक दारातच थबकले. चपला काढून, मान खाली घालून उभे राहिले. मग हळूच मला म्हणाले, "एवढी माणसं एकदम... पटकी आली होती का?"

तेवढ्यात आमचे पाटील आत आले. स्वतःच्या फोटोवरचा हार बघत म्हणाले, "काऊन हो मास्तर, मले केव्हा जाळलं?"

झनकलालजी हार ओढत सुटले. "मास्तर, तुमाले शाळेत कोनं ठेवलं? तुमी मसनवटीत पाह्यजे होते!"

प्राध्यापक पोट धरून हसले. मग एका फोटोपाशी येऊन थांबले. खुर्चीत एक बाई. पडद्यावरच्या विमानाच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं पदर दातांत घट्ट धरलेला.

"झनकलालजी, हाच द्या. दुसरा नको."

"हे नाही भेटत."

"अहो, अगदी दाराशी लावतो."

"घरची हाय माही. तिले नाही धाडत."

प्राध्यापक रिकाम्या हातानं गाडीला गेले. मी भडकलो. "एवढी संधी घालवलीत! निदान घरी जाऊन वहिनींना विचारायचं तरी."

झनकलालजी फोटो उतरवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते गेली, मास्तर. तुमी येथं यायच्या आंधीच. तुमचा तेवढा येक हार बराबर होता. मी पयले तोच काढला."

उरलेलं अख्खं आमगाव त्यांनी पोत्यात कोंबून बैलगाडीत टाकलं. तो फोटो मात्र पुढे, गाडीवानाच्या बाजूला, रस्ता दिसेल असा बसवला.

"सावकाश हाक," ते गाडीवानाला म्हणाले. "तिले गचके सोसत नाही."