दोन्ही टोकांची गोपनीयता

उज्वला कंत्राटी होती. पतसंस्थेचं हे एक काम पार पडलं की कायमची ऑर्डर, भविष्यनिर्वाह निधी आणि साहेबांच्या तोंडी ‘ती नेटवर्कवाली पोरगी’ऐवजी ‘उज्वला मॅडम’, एवढा लाभ तिनं मनात जमेला धरून ठेवला होता.

काम किरकोळ. मुख्यालय नाशिक रोडला, शाखा देवळ्याला. दोन्हीकडचे राउटर इंटरनेटवरच्या खाजगी टनेलमधून, ओएसपीएफ नावाच्या ठरलेल्या रीतीनं, एकमेकांना माहितीचे रस्ते सांगत. समोरचा खरा कोण, हे मात्र विचारत नसत. तपासनिसांनी शेरा मारला: ‘ओळख न पटवता शेजार मान्य केला जातो. बाब गंभीर.’

उज्वलानं उपाय सांगितला, “दोन्ही टोकांना एकच पासवर्ड टाकायचा, सर. जुळला तरच राउटर एकमेकांना शेजारी मानतील.”

“एकच?” महाव्यवस्थापक धनराज साहेब दचकले. “म्हणजे माझा पासवर्ड देवळ्याच्या सोमनाथला कळणार? परिपत्रक वाचा. पासवर्ड दुसऱ्यास सांगू नये!”

त्यानुसार उज्वलानं कमांड लिहून दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. साहेबांनी आपला पासवर्ड टाकला. देवळ्यात शाखाधिकारी सोमनाथनं त्याचा टाकला. राउटरांनी एकमेकांना नियमानुसार ओळख विचारली आणि नियमानुसार संबंध तोडले.

सोमनाथचा फोन आला. “साहेब, एकबी खातं दिसत नाय. लोक लय तापलेत.”

“कुणालाच दिसत नाही? शाब्बास! सुरक्षा चालू झाली.”

उज्वला म्हणाली, “सर, तुमचा तरी पासवर्ड सांगा नाहीतर त्यांचा. मी दोन्हीकडे टाकते.”

“गोपनीय बाब फक्त कायम कर्मचाऱ्याला सांगता येते.”

“मग मला कायम करा.”

“करणारच की! काम पूर्ण होऊ द्या.”

देवळ्याचे खातेदार एसटीनं नाशिक रोडला येऊ लागले. त्यांच्या सह्यांचे नमुने देवळ्याच्या संगणकात होते, म्हणून इथं ओळख पटेना. धोंडाबाईंनी काउंटरवर हात आपटला. “पैसा मना शे ना भाऊ? मंग मलेच का बरं देत नही?”

“मावशी, तुमच्याच पैशाची राखण चाललीय,” रोखपाल अदबीनं म्हणाला.

तपासनीस पुन्हा आले. देवळ्यातून मुख्यालयाच्या संगणकात शिरायचा त्यांनी स्वतः प्रयत्न केला, जमलं नाही. नवा शेरा पडला: ‘अनधिकृत प्रवेश शून्य. अधिकृतही शून्य. अनुकरणीय.’

धनराज साहेबांना बढती मिळाली. सोमनाथच्या शाखेत व्यवहारच नव्हते, त्यामुळे चूकही नव्हती, त्याला प्रशस्तिपत्र. उज्वलाला कार्यमुक्तीचं पत्र, कारण काम पूर्ण झालं नव्हतं. सुरक्षेची किंमत म्हणून तिनं नोकरी मोजली, देवळेकरांनी एसटीचं भाडं. ‘जिल्ह्यातली सर्वात सुरक्षित पतसंस्था’ ही जाहिरात वाचून मुदतठेवीची चौकशी करायला आलात ना? आपण मात्र अजून काहीच भरलेलं नाही.

या ना. भरण्याची खिडकी चालू आहे.