केळ्याची साल आणि आबा परब

आयुष्यात मी खोटा पुरावा एकदाच सादर केला, आणि तो केळ्याच्या सालीचा होता.

संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी नुकता टेकलो होतो. चहाचा कप तोंडाला लावतोय तोच दारात वरच्या मजल्यावरचे आबा परब उभे. अंगात बंडी, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, आणि हात पुढे, प्रसाद घ्यावा तसा.

"काय सायब, साल खंय हा?"

सकाळी त्यांनी दिलेलं केळं मी खाल्लं नव्हतं. ते माझ्या पिशवीत जेवणाच्या डब्याखाली सापडून, दूध न घालताच त्याचं शिकरण झालं होतं. पण हे आबांना सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. "आणतो ना," म्हणत मी स्वयंपाकघरात सटकलो, केराच्या डब्यात आमच्या धाकटीने टाकलेली एक साल होती ती उचलली, शर्टाला पुसली आणि बाहेर येऊन रुबाबात त्यांच्या हातावर ठेवली.

आबांनी ती ट्यूबलाइटखाली धरली. उलटी केली, सुलटी केली.

"ही वेलची," ते म्हणाले. "मी तुका दिलेला हिरव्या सालीचा. आणि ही साल दातान सोललेली हा. तुझे दात इतके बारीक कधीपासून झाले रे?"

मागे आमच्या सौभाग्यवती, सुनंदाबाई, इतक्या जोरात हसल्या की हातातला डाव खाली पडला.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली. बोरिवली पूर्वेला आमची तीन मजल्यांची बिल्डिंग होती आणि तिच्यात आबा परब नावाचं एकखांबी खातं होतं: केळी वाटप आणि साल तपासणी. आबा मूळचे मालवणकडचे. उभी हयात कापडगिरणीत मागांवर, त्यांच्या भाषेत साच्यांवर, गेली, शेवटी जॉबर होते, म्हणजे वीस-पंचवीस विणकरांवर नजर ठेवणारे. गिरणीला कुलूप लागलं तेव्हा साठी जवळ आली होती. बायको रुक्मिणी त्याच्याही आधी गेलेली, मुलगी लग्न होऊन गावाकडे. घरात एक खाट, एक स्टोव्ह, आणि खिडकीच्या गजाला टांगलेला केळ्यांचा घड.

सकाळी सातला दाराच्या कडीला एक केळं लटकलेलं असायचं, सुतळीच्या फाशीने. कोणाला कुठलं द्यायचं ते आबा ठरवत. लहान मुलांना वेलची. बाळंतिणीला राजेळी, तुपावर परतून. पोट साफ होत नसेल तर सालीवर काळे ठिपके आलेलं, पोट जास्तच साफ होत असेल तर जरा कच्चट. चालून पोटऱ्यांत गोळे येणाऱ्याला दोन.

"देवान दिलेला औषध हा ह्या," ते म्हणत. "बाटली नको, चमचो नको, हलवूक नको. वर पॅकिंग फुकट."

आणि संध्याकाळी साल. "खाल्लं" हा शब्द आबांच्या कोर्टात ग्राह्य नव्हता. "गिरणीत सगळे सांगायचे, सांचो चालू हा, सांचो चालू हा. मी म्हणी, कापड दाखय." तीच सवय, असं आम्ही सगळे समजत होतो.

तळमजल्यावरच्या शहाबेनना मधुमेह. त्यांनी हात जोडून सांगितलं, आबा, मला गोड चालत नाही. आबा डगमगले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शहाबेनच्या कडीला कच्चं केळं. "भाजी करा. साल माका दाखवा." संध्याकाळी गेले, तर शहाबेन म्हणाल्या, "आबा, साल तो शाकमा गई!" त्यांच्याकडे सालीचीही भाजी करतात. आबांची तपासणीच अडली. पुरावाच खाल्ला जातो, ही शक्यता त्यांनी कधी धरलीच नव्हती. मग भाजीची चव घेऊन त्यांनी प्रकरण मिटवलं.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो माझ्या ब्लडप्रेशरमुळे. ऑफिसच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "थोडं वर आहे. मीठ कमी करा, फळं खा, काळजी करू नका." पहिल्या दोन गोष्टी जमल्या असत्या. तिसरी माझ्या खानदानात कोणालाच जमलेली नाही. त्या दिवसापासून मी टेबलाखाली हात धरून स्वतःची नाडी मोजू लागलो. फाइलवर सही करायची आणि मध्येच थांबून ऐकायचं: चालू आहे ना?

जिन्यात थांबून मी छातीवर हात ठेवला, तो आबांनी पाहिला. संपलं. केळ्यात रक्तदाब ताब्यात ठेवणारं काहीतरी असतं, हे त्यांनी कुठल्याशा कंपाउंडरकडून ऐकलं होतं. (पुढे आमचे डॉक्टरही तेच म्हणाले, पण त्यांच्यावर माझा विश्वास आबांइतका बसला नाही.) त्या सालीच्या प्रकरणानंतर तर मी मुकाट्याने, अगदी समोर उभा राहून केळं खायला लागलो. "चावून खा. पळतंस खंय?"

आणि एका मंगळवारी सकाळी कडी रिकामी.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा आनंद झाला. शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसा. शहाबेनही जिन्यात भेटल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "आज छुट्टी!" संध्याकाळी साल मागायलाही कोणी आलं नाही. मी पाय पसरून पेपर वाचला.

बुधवारीही कडी रिकामी.

आता माझा स्वभाव सुरू झाला. मुलीकडे गेले असतील. पण न सांगता? माझ्यावर रागावले असतील. पण शहाबेनवर पण? ऑफिसात दिवसभर मी नाडी धरून बसलो आणि तासाभराने लक्षात आलं की आपण स्वतःच्या नाडीचा विचारच करत नाही आहोत. येताना स्टेशनबाहेरच्या गाडीवरून मी केळं घेतलं. स्वतःहून. घरी येऊन खाल्लं, आणि साल हातात धरून खुर्चीत बसलो. साडेसात झाले. पावणेआठ.

"ती साल टाकणार आहात की फ्रेम करून लावणार आहात?" सुनंदा म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून हळूच म्हणाली, "जाऊन या ना वर."

तो एक जिना मी कसा चढलो ते मलाच माहीत. प्रत्येक पायरीवर एक नवी शक्यता. फोन फक्त शहाबेनकडे, म्हणजे धावत खाली यावं लागेल. मुलीचा पत्ता कुठे असेल? दाराशी पोचलो तेव्हा साल घामाने ओली झाली होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आबा खाटेवर, घोंगडी हनुवटीपर्यंत. डोळे उघडे. मी साल बाजूला ठेवून खाटेशी जमिनीवर बसलो.

"ये सायब. काय नाय, जरा ताप."

"कळवायचं नाही का, आबा? काही खाल्लंत?"

"खाल्लंय मां. दोन केळी."

मी धावत जाऊन नाक्यावरचे डॉक्टर आणले. त्यांनी पोट दाबलं, सुई टोचली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताप साधा आहे. पण यांच्या पोटात दोन दिवस अन्नाचा कण नाही. त्यानेच गळालेत. पातळ पेज द्या, आणि खातायत का ते बघा."

मी स्टोव्ह पेटवला. भिंतीशी तांदळाचा डबा होता. मूठभर तांदूळ काढायला हात घातला तो काहीतरी मऊ लागलं. दचकून हात बाहेर काढला, पुन्हा घातला. केळी होती. एक, दोन, तीन. तांदळात खोल पुरलेली, पार काळी पडलेली.

"पिकूक ठेवलेली," खाटेवरून आवाज आला.

मी तिन्ही केळी काढून खाटेच्या कडेला ठेवली. आबांनी मान भिंतीकडे वळवली.

"रुक्मिणीनं पण थंयच ठेवलेली," ते म्हणाले.

मग थांबत थांबत सांगितलं. आजारपणात तिला दुसरं काही सोसत नव्हतं. पहिल्या पाळीला निघताना आबा उशाशी केळी ठेवून जात. घरी आले की विचारत, खाल्लंस? ती म्हणे, खाल्लंय. आबा निर्धास्त. ती गेली. तेराव्यानंतर त्यांनी भात लावायला डब्यात हात घातला, तर आत केळी. नऊ.

"घास जाय नव्हतो तिका. पण सांगलान नाय. मी सुखान पाळीक जावचंय म्हणान. केळ्यान ती वाचली असती असा नाय, सायब. डॉक्टरान तेव्हाच सांगितलेल्यान. पण माका कळला असता. गिरणीत पंचवीस जणांचा कापड बघी मी. घरात साल बघूक नाय."

पेज खाली लागायला लागली होती. मी ढवळली, ती पेज राहिली नाही, खळ झाली. पोस्टर चिकटवता आलं असतं. आबांना उठवून बसवलं आणि तीच पाजली.

"आणि तुम्ही का नाही खाल्लं?" मी विचारलं.

"रोज सगळ्यांच्या साली बघून येतंय, मगे घास उतरता," ते म्हणाले. "दोन दिस खाली उतराक जमला नाय. कोण इलो तर बघू नये म्हणान केळी डब्यात लपयलंय."

मी मघाशी खाटेशी ठेवलेली माझी साल उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, दिव्याकडे केली, अंगठ्याने चाचपली. "हिरवी साल. बरा." मग मी गजावरच्या घडातलं एक केळं काढून दिलं. अर्धं खाल्लं, थांबले. मी उभाच राहिलो. उरलेलंही खाल्लं. मी हात पुढे केला. त्यांनी साल माझ्या हातावर ठेवली आणि पहिल्यांदाच जरासे हसले.

दोन साली घेऊन मी खाली आलो आणि सुनंदाला सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. तांदळाच्या डब्याशी आलो तेव्हा तिने तोंड फिरवलं, पदर डोळ्यांना लावला.

मग म्हणाली, "तुम्ही केलेली पेज? आजारी माणसाला?"

आणि फळीवरचा पितळी डबा काढून घासत म्हणाली, "उद्यापासून मी करून देते. तुम्ही वर नेऊन द्यायची. 'जेवलंय' म्हणाले तर ऐकू नका. डबा रिकामा झाल्याशिवाय घरी यायचं नाही."