चित्र क्रमांक सात

आमच्या शिकार मंडळात यापुढे चुकीच्या जनावरावर गोळी झाडली जाणार नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तशी व्यवस्था मी स्वतः केली आहे. आमचा सभासद ज्याला गोळी घालेल ते रानडुक्करच असेल. तसा रीतसर ठराव झाला आहे.

झालं असं, की गेल्या पानगळीत आमच्या झेनोबियुशनी रात्री एक टोलेजंग रानडुक्कर लोळवलं. जवळ जाऊन पाहिलं तर डुकराच्या गळ्यात घंटा! पलीकडच्या वस्तीवरची कालवड होती. "दुर्बिणीत डुक्करच दिसत होतं," असं झेनोबियुश अजूनही सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. थर्मल दुर्बिणीला ऊब तेवढी दिसते. गाय, कुत्रा, पाद्री, दिवसभर ऊन खाल्लेला दगड, तिच्या लेखी सगळे अंधारातले पांढरे गोळे. घंटा गार असते, त्यामुळे घंटेचा प्रश्नच येत नाही.

मग वरून हुकूम आला: रात्रीच्या शिकारीला जाणाऱ्या प्रत्येकाची ओळखपरीक्षा घ्या, नापास होईल त्याची रात्रीची शिकार बंद. परीक्षक म्हणून माझी एकमताने निवड झाली. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि शाळेचा प्रोजेक्टर माझ्या ताब्यात असतो. आमच्या जिल्ह्यात याहून कमी भांडवलावर लोक तज्ज्ञ झाले आहेत.

मी जीव तोडून तयारी केली. उन्हाळाभर मचाणावर बसून हातातल्या दुर्बिणीने चित्रं टिपली. हातातल्या, हे महत्त्वाचं. आमची बरीच मंडळी आधी रायफलवरच्या दुर्बिणीतून "काय आहे ते बघू" म्हणून बघतात. म्हणजे ओळख पटेपर्यंत समोरच्याच्या छातीवर नळी रोखलेली असते. बिचाऱ्याला ओळख करून देण्याची संधी मिळत नाही.

ससा, हरीण, कोल्हा, कोमट शेणखताचा ढीग, सगळं जमलं. आणि एका पहाटे पाइनच्या कोवळ्या झाडीत मला चित्र क्रमांक सात सापडलं. भरदार पाठ, खाली झुकलेलं डोकं, चारी पायांवर, जमीन हुंगत हुंगत सरकणारं. मी मनात वजनाचा अंदाज बांधत होतो, तेवढ्यात ते उभं राहिलं, कमरेवर हात ठेवून मागे वाकलं आणि डावा खांदा पाडत चालू लागलं. तो खांदा अख्ख्या तालुक्यात एकाचाच: आमचे अध्यक्ष ग्रात्स्यान राताइस्की.

अध्यक्ष पहाटे रांगत का होते, हा प्रश्न मला पडला नाही. मी समुद्रकाठचा माणूस, लग्न करून इकडे आलेला. आमच्याकडे मासळी बाजारात मिळते आणि कोणी ती लपूनछपून पकडत नाही. मला वाटलं, परीक्षेला याहून उत्तम प्रश्न नाही, आणि खुद्द अध्यक्षच उदाहरण म्हणून पुढे आले, तर मंडळाची शानच वाढेल.

परीक्षेच्या रविवारी सगळे हिरव्या कोटात आले. भिंतीवर शिंगं, कोपऱ्यात अध्यक्षांच्या पत्नी फेलित्स्याबाई कोबी आणि मांसाचं पातेलं ढवळत उभ्या. मंडळींनी उत्तरं धडाधड दिली. हरीण म्हणजे डुक्कर. कोल्हा म्हणजे डुकराचं पिल्लू. शेणखताचा ढीग म्हणजे डुक्कर, झोपलेलं. एकटे झेनोबियुश, कालवडीचा धसका घेतलेले, प्रत्येक चित्राला म्हणत होते, "खात्री नाही. मी नाही झाडणार." संपूर्ण परीक्षेत बरोबर उत्तर हेच होतं. अध्यक्ष हसून म्हणाले, की एवढीच भीती वाटत असेल तर बंदूक विकून मधमाश्या पाळाव्यात.

मग चित्र क्रमांक सात आलं. अध्यक्ष स्वतः उठले.

"नर. दीडशे किलो, वर थोडं. खाऊन माजलेला. डोळे मिटून गोळी घालीन."

मी म्हटलं, साहेब, एकदा नीट बघा.

"मास्तर, तुम्ही भूगोल शिकवत होता तेव्हा मी डुकरं मारत होतो."

माझा नाइलाज झाला. मी चित्राऐवजी चित्रफीत लावली. डुक्कर उभं राहिलं. कमरेवर हात ठेवून मागे वाकलं. डावा खांदा पाडत चालू लागलं. मी हशाची वाट पाहत होतो. 

पातेल्यातला डाव तसाच हातात घेऊन फेलित्स्याबाई पडद्याजवळ आल्या. "हा माझा नवरा आहे," त्या म्हणाल्या. "ही पाठ मी लग्नापासून बघते आहे. बहुतेक वेळा घोरताना."

"डुक्कर आहे," अध्यक्ष म्हणाले.

"ग्रात्स्यान, त्याच्या पायांपुढे ते काळं दिसतंय ना, ती टोपली आहे."

"टोपली नाही, झुडूप आहे."

"यंदा केशरी अळंबी झालीच नाहीत म्हणालास ना मला? मग तुझ्या बहिणीकडे लोण्यात परतलेली बशीभर आली कुठून?"

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अळंबीची जागा इथे बायकोलासुद्धा सांगत नाहीत. माणूस मृत्युपत्रात घर, ट्रॅक्टर, मधमाश्या सगळं लिहितो. जागा मात्र शेवटच्या घटकेला एकाच्याच कानात सांगतो, आणि तोही नावडता असेल तर गपगुमान जातो. अध्यक्षांची ती जागा आजोबांपासून आलेली. मी ती प्रोजेक्टरवर लावून सगळ्या तालुक्यासमोर उभी केली होती. फक्त ती नेमकी कुठे आहे, एवढंच कळायचं राहिलं होतं, आणि सगळा हॉल खुर्च्या पुढे ओढून मागची झाडं निरखत होता.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. पडद्यावरचा तो माणूस मीच, असं त्यांनी कबूल करावं तर जागा गेली, आणि वर ओळखपरीक्षेत नापास. ते खाकरले आणि शांतपणे म्हणाले, "रानडुकरं कधीकधी उभी राहतात. जुना नर असला की पाठ दुखते त्याची. मी ठराव मांडतो, की चित्र क्रमांक सात हे रानडुक्कर आहे."

अनुमोदन मिळालं. हात वर झाले. झेनोबियुशनीही शेवटी हात वर केला. त्यांनाही रात्रीचा परवाना हवाच होता. फेलित्स्याबाईंना मत नव्हतं, कारण त्या सभासद नाहीत. मी माझ्याकडची उत्तरसूची मंडळींच्या उत्तरांप्रमाणे दुरुस्त केली. सगळे पास झाले, अध्यक्ष पहिले आले, आणि प्रत्येकाच्या प्रमाणपत्रावर "अचूक ओळख पटवण्यास समर्थ" असं लिहून मी सही ठोकली.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे लोकांची रीघ लागली. फेलित्स्याबाई चीजकेक घेऊन आल्या आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की मास्तर, तुमचं ते मचाण कोणत्या बाजूला? सभासद चेरीची दारू घेऊन आले. त्यांना म्हणे त्या माजलेल्या नराची शिकार करायची होती. अध्यक्ष रिकाम्या हाताने आले, बराच वेळ बसले आणि जाताना माझा हात जरा जास्तच जोरात दाबून गेले. मी कोणाला काही सांगितलं नाही. सगळे म्हणाले, मास्तर सचोटीचा माणूस.

सचोटी कसली! ती जागा मी स्वतः जाऊन पाहून आलो होतो.

काय सांगू तुम्हाला! कोवळ्या पाइनखाली, शेवाळातून, बशीएवढी केशरी अळंबी, किडीचा एक डाग नाही. अध्यक्ष तिकडे फिरकत नाहीत. कसे फिरकतील? तिथे रांगणारं ते रानडुक्कर, असा ठराव त्यांनीच मांडला आहे. दिवसा जावं तर लाकूडतोडे बघतात, म्हणून मीही पहाटेच जातो. भडक नारिंगी जाकीट घालतो, पण थर्मलला रंग दिसत नाही हे मीच शिकवलं आहे. म्हणून ताठ उभा राहतो, हात हलवतो, मोठ्याने गाणी म्हणतो. आसपासच्या मचाणांवर माझ्या सहीचे समर्थ लोक बसलेले असतात.

अडचण एवढीच, की अळंबी जमिनीलगत उगवतात. महिना झाला, मी रोज जातो, उभ्यानेच बघतो, आणि रिकामी टोपली घेऊन परत येतो. वाकायची हिंमत होत नाही.