अण्णांचं ‘हाड’

आमचे अण्णा दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा जो शब्द उच्चारतात तो देवाचा नाही आणि माझाही नाही. तो आहे ‘हाड’. खरं तर कुत्र्याला हाकलायचा शब्द, पण अण्णांनी तो कधी कुत्र्यापुरता ठेवला नाही. टीव्हीवर दोन पुढारी भांडायला लागले की हाड. फोनवर ती बाई ‘आपण डायल केलेला ग्राहक’ म्हणाली की तिला हाड. गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणणाऱ्या डॉक्टरला त्याच्याच दवाखान्यात हाड. मला बघायला आलेल्या एका मुलाचा मामा म्हणाला, “लग्नानंतर शिलाई सोडावी लागंल हं मुलीला.” त्यालाही चहाच्या आधीच हाड मिळालं. तेवढं एक मला आवडलं होतं.

नळदुर्गात हायवेला लागून अण्णांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. मागं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच: अण्णा, मी आणि शांताआत्या. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. लहानपणी गोवर आला आणि तिचे डोळे घेऊन गेला. लग्न तिनं केलं नाही. पोरांना पेटी शिकवते, आणि सूर चुकला की पोराच्या बोटावर टिचकी मारते. नेम कधी चुकत नाही.

रोज संध्याकाळी दोघं भावंडं महादेवाच्या देवळात जायची. अण्णा पुढं, काठी घेऊन आत्या थोडी मागं, आणि घर सोडल्यापासून अण्णांचं तोंड सुरू.

“आरं, ह्यो खड्डा बुजवणार हाव का मासं पाळणार हाव ह्यात?”

“ही फटफटी कुनाच्या बापाची? आर्धा रस्ता खाऊन बसलीय!”

“गटाराचं झाकण कुनी इकून खाल्लं रं?”

दुकानदार हसायचे. पानटपरीवरची पोरं अण्णांची नक्कल करायची. मी मशीनवर मान खाली घालून टाके मारत बसायची आणि मनात म्हणायची, ह्या माणसाला देवळापर्यंतची वाटसुद्धा शिव्या दिल्याशिवाय चालवत नाही! बरं, आत्यानं कधी “आण्णा, हळू” म्हणावं? तेही नाही. ती आपली मागून शांतपणे यायची. मला दोघांचाही राग यायचा.

मग अण्णांचे गुडघे गेले. डॉक्टरला हाड म्हणून गुडघे बरे होत नाहीत. तरी ते रोज निघायचेच. देवळाच्या पायऱ्यांवर कठड्याला धरून उभे राहायचे आणि पायऱ्या बांधणाऱ्याचा उद्धार करायचे.

त्याच सुमारास आत्यानं कुणालातरी फोन करून माहिती काढली. कर्नाटकात एक संस्था आंधळ्या माणसांसाठी कुत्री शिकवून तयार करते. अण्णांना आम्ही सांगितलं, पेटीचं शिकायला जातो. परत आलो ते रंगाला घेऊनच. मधाच्या रंगाचा, मोठ्या कानांचा कुत्रा, पाठीवर धरायची मूठ असलेला पट्टा. येताना कंडक्टरनं आधी त्याला आणि मग आम्हाला खाली उतरवायचा प्रयत्न केला. मी त्याला जे बोलले ते ऐकून शेजारच्या सीटवरच्या म्हातारीनं कानात पदराचं टोक घातलं. आत्या म्हणाली, “बापाची हायस.” मला ते अजिबात आवडलं नाही.

अण्णा उंबऱ्यातच उभे होते.

“ज्या घरात लिंगपूजा हुती त्या घरात कुत्रं?” त्यांचा आवाज पार पेट्रोलपंपापर्यंत गेला असेल. “आत पाय पडला तर म्या अन्नाला शिवणार न्हाय.”

“बरं,” आत्या म्हणाली. “ते भाईर, तर म्या बी भाईर.” आणि तिनं ओसरीवर बिछाना मागवला.

अण्णा रंगाकडं वळले. हात उगारून, छातीत हवा भरून ते ओरडले, “हाड!”

रंगा खाली बसला. त्यानं मान वर केली, डोळे मिटले आणि लांबलचक सूर लावला.

अण्णा दचकले. पुन्हा, आणखी जोरात, “हाड!” रंगानं आणखी वरचा सूर लावला. “हाड! हाड! हाड!” रंगा मनापासून गात होता. मध्येच एक डोळा उघडून, कसं जमतंय, असं बघतही होता. गल्लीतली पोरं जमली. शेजारच्या महानंदाकाकूंचं माहेर आळंदकडचं, घरात सगळं कानडी. त्या भिंतीवरून हसतहसत म्हणाल्या, “आण्णा, तुमीच त्याला ‘हाडु’ म्हणताव. मंग ते गातंय की!”

रंगा पिल्लू असताना एका कानडी घरात वाढला होता. कानडीत हाडु म्हणजे गा. त्या घरातल्या कुणीतरी त्याला हे शिकवून ठेवलेलं. कानडी अण्णांनाही येतं, अर्धं गिऱ्हाईक त्याच भाषेतलं. म्हणजे शब्द कुठं चुकला हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. ते आत गेले. त्यानंतर गल्लीतली कार्टी येताजाता भिंतीआडून ‘हाड’ ओरडायची, रंगा गायचा, आणि अण्णा दुकानात पेंडीच्या पोत्यावर पोतं उगाचच इकडून तिकडं हलवायचे.

नातेवाइकांना तर पर्वणीच. उमरग्याची चुलती मुद्दाम बघायला आली. नाकाला पदर लावून म्हणाली, “कुत्रं कशाला गं बाई? एखाद्या गरिबाची पोरगी ठिवा की हाताशी.” माझ्या डोक्याची शीर तटतटली. कुणाची तरी लेक आयुष्यभर काठी म्हणून वापरली तर यांना चालतं, विटाळ फक्त कुत्र्याचा! मी तसं तोंडावर बोलले. चुलतीनं चहा अर्धाच ठेवला. जाताजाता अण्णांना म्हणाली, “तुमीच सोकावलाव हिला.” अण्णा तिला हाडसुद्धा म्हणाले नाहीत. म्हणायची सोयच राहिली नव्हती.

आत्या आता रंगाबरोबर एकटी देवळात जायला लागली. पेटीच्या शिकवण्या घरोघरी जाऊन घ्यायला लागली. ताठ चालायची. अण्णा मात्र संध्याकाळी दुकानातच बसायचे. खड्ड्यांना कुणी बोलेना, फटफटीवाल्यांना कुणी विचारेना. मला वाटलं, चला, सुटलो. पण आत्या ओसरीवर बसून दरवेळी विचारायची, “आण्णा बोलंना का गं?”

“बरंच आहे की.”

“बरं न्हाय ते,” ती म्हणायची.

पावसाळा लागला. ओसरीवर ओल यायला लागली आणि आत्याला खोकला झाला. अण्णा आतून काढा करून पाठवायचे, पण रंगाला उंबरा ओलांडू द्यायचे नाहीत. शेवटी आत्यानं जाहीर केलं, “बाया पंचमीला माहेरी येतेत. म्या पंचमी झाली की जाती. सोलापुरात बायांच्या वसतिगृहात खोली बघितलीय. तितं रंगाला आत घेतेत.”

मी अण्णांवर तुटून पडले. “तुमचा देव एका कुत्र्यानं बाटतो? बहीण ओसरीवर खोकते त्यानं नाही बाटत? ती गेली तर या घरात तुम्ही आणि तुमची पेंड, दोघंच राहाल. मीही जाईन.” मला वाटलं आता भडका उडेल. अण्णा नुसते गुडघ्यावरून हात फिरवत बसले.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी आत्याची बॅग भरताना मी साड्या अक्षरशः कोंबत होते. “कशाला त्यांचा एवढा विचार करत होतीस? जन्मभर शिव्या ऐकल्यास त्या माणसाच्या मागं चालून.”

आत्याचा हात थांबला. “त्या शिव्या माज्यासाटी हुत्या, येडे.”

मग तिनं सांगितलं. डोळे गेल्यावर अण्णा तिला हाताला धरून पेटी शिकायला न्यायचे. दर पावलाला म्हणायचे, सांभाळ, सांभाळ. वाटेत पोरी हसायच्या. एक दिवस तिनं हात झटकला. लोकांत मला धरायचं न्हाय, आन् सांभाळ म्हणायचं न्हाय, असं सांगितलं. “दुसऱ्या दिशी त्ये फुडं झाले आन् खड्ड्याला शिव्या द्याय लागले. त्याच्या आदी लई गरीब हुते बोलायला. खड्डा म्हणलं की म्या डावीकडनं जायाची. फटफटी म्हणलं की उजवीकडनं. गावाला वाटायचं, आण्णा तापट. आंदळीला कोन नेतंय ते कुनाला दिसलंच न्हाय.”

मी हातातली साडी खाली ठेवली.

“आन् कुत्रं का आणलं?” आत्याचा आवाज चढला. तिला चिडलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. “त्येंचे गुडघे गेले म्हणून. तसं सांगितलं आसतं तर रांगत आले आसते, पन ऐकले नसते. आता बसलेत रुसून, माझी जागा घेतली म्हणून! येवढं बी कळंना का त्येंना?”

तिला वाटलं होतं अण्णा दुकानात आहेत. ते मधल्या दारात उभे होते. मी बघितलं, पण तिला सांगितलं नाही. ते तसेच मागं फिरले.

रिक्षा आली. रंगानं आत्याला पायऱ्या उतरवल्या. पाण्याच्या पाइपासाठी आदल्या दिवशीच घरासमोर चर खणलेला होता, त्याच्या अलीकडं रंगा आपणहून थांबला. तेवढ्यात घरातून आवाज आला, कितीतरी महिन्यांनी:

“कुनी खांदलं रं दारात हे? फळी बी उजव्या अंगाला टाकलीय, मधी टाकाय हात मोडले हुते का?”

आत्या जागच्या जागी थांबली. तिनं उजवीकडं पाय सरकवून फळी चाचपली. मग ती वळली. “रंगाला दिसतंय त्ये,” ती म्हणाली. “पन तुमी वरडा.”

अण्णा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आले. रंगाच्या समोर येऊन उभे राहिले. दोघं एकमेकांकडं बघत होते. कुत्र्याला काय बोलावं हे अण्णांना सुचेना. आयुष्यात त्यांनी कुत्र्याला एकच शब्द म्हटला होता. त्यांनी गल्लीत कुणी ऐकत नाही ना हे पाहिलं, आणि हळूच म्हणाले,

“हाडु.”

रंगानं मान वर करून सूर लावला. आत्या हसत होती, मध्येच खोकत होती, आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. अण्णांनी त्याचं गाणं पूर्ण होऊ दिलं. मग रिक्षावाल्याच्या हातातून बॅग हिसकावून घेत माझ्यावर खेकसले, “बघत काय हुबी हायस? पाय पूस त्याचे, आन् आत घे.”