काकांचा 'स'

रामटेके काकांपुढे शब्द जपून वापरावा लागे. नळावर भांडण ऐन रंगात आलं की हे गृहस्थ दात घासत मध्ये यायचे, "बालदी हा शब्द पोर्तुगीज आहे, बरं का!"

त्यांची बायको तुळसाकाकू रांगेतूनच ओरडायची, "मंग पोर्तुगालले जाऊन पाणी भरा! माहा नंबर गेला ना!"

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन नागपुरात, इंदोऱ्याला आले ती थेट यांच्या शेजारी. काका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर चुका पकडूनही भूक भागत नसावी. पोस्टमन, डॉक्टर, माझी सासू, कोणी म्हणून सुटलं नाही. एकदा शेजारच्या जरीपटका वस्तीतल्या दुकानदाराला 'साबण' शब्दाचं कूळमूळ सांगत बसले आणि साबण तिथंच विसरून आले!

खरी पंचाईत संध्याकाळी. छप्पन सालच्या दीक्षेपासून दोघं रोज जोडीनं वंदना म्हणत. काकू म्हणायची, "बुद्धं शरणं गच्छामि." की लगेच काका, "शरणं काहून वं? सरणं! पालीत 'श' नाही." असं वर्षानुवर्षं. शेवटी काकू नुसतेच ओठ हलवू लागली. काका खूश, चूक संपली म्हणून! मला भारी राग यायचा. कारण ते कामावर गेले की भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. मोकळा, 'श'सकट, आणि इतका गोड.

मग काकूला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, तिच्याशी बोलत राहा. महिनाभर काका शब्दांच्या कथा सांगत राहिले. ती आढ्याकडे बघत पडून असायची.

एका संध्याकाळी मी पेज घेऊन गेले, तर काका खाटेशी बसून म्हणत होते, "बुद्धं शरणं गच्छामि."

"अगबाई! काका, तुम्ही आणि 'श'?"

"चूप वं पोरी. तिच्यासारखं म्हणून राहिलो. माह्यासंग म्हणंल तरी." त्यांचे डोळे भरले होते. "बोलत होती तवा मीच तिचं तोंड बंद केलं. आता एक शब्द ऐकाले जीव तळमळते."

रोज तेच. पंधराएक दिवसांनी मी काकूचे पाय चोळत होते. काकांनी नेहमीसारखं 'शरणं' म्हटलं. काकूच्या कपाळावर आठी पडली. ओठ वाकडेतिकडे हलले, आणि जड जिभेनं ती म्हणाली, "स... स म्हना."

काका लहान पोरासारखे रडले. मीही रडले, खोटं कशाला बोलू!

त्यानंतर काका कायम 'शरणं'च म्हणू लागले. विहारात कोणी टोकलं तर म्हणायचे, "राहू दे गा, दुरुस्त कराले घरी आहे माही."

काकू त्यानंतर दोन वर्षं होती. ती गेल्यावरही भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी 'शरणं' ऐकू यायचं. मग काका जरा वेळ थांबायचे, आणि पुढचं म्हणायचे.