ट्रेम्बाथ पद्धतीची चकाकी

नेव्हिल ट्रेम्बाथने आपल्या गाडीवर जितकं प्रेम केलं, त्याच्या निम्मं जरी घरात केलं असतं तरी त्याची बायको डोरीन गेल्या फेब्रुवारीपासून शिवणाच्या खोलीत झोपायला गेली नसती. असं का, हे नेव्हिलला कळत नव्हतं. कळून घ्यायला त्याला सवडही नव्हती. गाडी तीस वर्षांची होती, गडद निळी, होल्डन कंपनीची, आणि तिचं वेळापत्रक कडक होतं. वर्षातून दोनदा डबीतल्या घट्ट मेणाचं साग्रसंगीत पॉलिश, आणि त्या दोन पॉलिशांच्या मधल्या काळात चकाकी टिकावी म्हणून दर शनिवारी स्प्रे वॅक्स.

"डबीतलं मेण म्हणजे जेवण," पोस्टात रांगेत अडकलेल्या माणसांना तो सांगायचा, "आणि स्प्रे म्हणजे चहाच्या वेळचं खाणं. सावलीत मारायचा, थोडाच मारायचा, मऊ फडक्याने पुसायचा आणि फडकं उलटं करून पुन्हा पुसायचं. पण आधी गाडी धुतलेली हवी! धुळीवर फडकं फिरवलंत की रंगाला ओरखडे पडलेच म्हणून समजा." माणसं माना डोलवायची, कारण तिकिटं घेतल्याशिवाय त्यांना रांग सोडता येत नसे.

ऑस्ट्रेलियातल्या विराबिन गावात तीन वर्षं धड पाऊस नव्हता. धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. अंघोळीला माणशी रोज एक बादली मिळे, आणि गाडीवर नळाचं पाणी घालायला बंदी होती. काच, दिवे आणि आरसे तेवढे पुसायचे, बाकी गाडी देवाच्या भरवशावर. त्यामुळे मळकी गाडी हे सभ्य माणसाचं लक्षण ठरलं होतं. चर्चच्या आवारात रविवारी लोक एकमेकांच्या गाड्यांवरची धूळ कौतुकाने न्याहाळत. आणि या मातकट गावातून नेव्हिलची निळी गाडी दिमाखात फिरत असे. तीही पाणी बचत समितीच्या सचिवाची.

हे सचिवपद नेव्हिलने अंगाला लावून घेतलं होतं. तक्रारींचा फोनसुद्धा त्याने स्वतःच्या दिवाणखान्यात बसवून घेतला होता. पहिल्या वर्षी त्याने एकसष्ट तक्रारी नोंदवल्या, त्यातल्या तेवीस त्याच्या स्वतःच्या होत्या. समोरच्या घरात राहणाऱ्या मर्ल हॅनाफर्डने ठरलेला वार सोडून गुलाबांना पाणी घातलं, ही त्यातली सर्वांत गाजलेली. मर्लची बागेची परवानगी गेली आणि बावीस झाडं वाळली. तिने ती उपटली नाहीत. नेव्हिलच्या खिडकीतून नीट दिसतील अशी तशीच उभी ठेवली.

तीन आठवड्यांवर गावाचा एकशे पंचविसावा वाढदिवस आला होता. मिरवणुकीत सगळ्यांत पुढच्या गाडीत गावातल्या सर्वांत वयस्कर बाई, सत्त्याण्णव वर्षांच्या अ‍ॅग्नेस पोलकिंगहॉर्न बसणार होत्या, आणि ती पुढची गाडी नेव्हिलची असणार होती. कारण साधं होतं: जिचा मूळ रंग ओळखता येईल अशी गावात तेवढीच एक गाडी उरली होती. नेव्हिल आयुष्यभर या दिवसाची वाट बघत होता. त्याने केस कापून घेतले, आणि हळू गाडी चालवत हात हलवण्याचा सरावही केला.

मंगळवारी फोन वाजला.

"पाणी नासाडी तक्रार कक्ष. आपलं नाव?"

"मर्ल हॅनाफर्ड. तुला माहीत आहे नेव्हिल, मी तुला खिडकीतून दिसतेय."

नेव्हिलने खिडकीतून बघितलं. वाळक्या गुलाबांच्या मागे मर्ल फोन घेऊन उभी होती. तिने हात केला.

"तक्रार कुणाविरुद्ध?" त्याने कोरड्या आवाजात विचारलं.

"नेव्हिल ट्रेम्बाथविरुद्ध. ‘ट्रेम्बाथ’ नीट लिही बरं का, लोक चुकतात."

"मर्ल, हे बघ..."

"तक्रार नोंदवायला नकार दिलास तर तीही वेगळी तक्रार होते ना रे? कलम सहा. तूच वाचून दाखवलं होतंस मला, आठवतंय? माझ्याच फाटकात उभा राहून."

नेव्हिल नियमाचा माणूस. त्याने स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवून घेतली, खाली सही केली आणि सवयीने म्हणाला, "सहकार्याबद्दल आभारी आहोत."

"त्यात काय एवढं!" मर्ल म्हणाली.

गुरुवारी दुपारी समितीची बैठक भरली. सभागृहाच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. तिथे बरेच महिने कसला तरी वास येत होता. लाकडी फरशीखाली पॉसम, म्हणजे तिकडचा मांजराएवढा प्राणी, मरून पडला असावा म्हणून दोनदा फळ्या उचकटून झाल्या होत्या, पण पॉसम सापडला नव्हता. अध्यक्ष रॉस किनेर्ड, गव्हाचा शेतकरी, मोजकं बोलणारा गडी. त्याने सचिवाला तक्रार वाचायला सांगितली. सचिवाने ती खणखणीत आवाजात वाचली आणि लगेच आरोपी म्हणून उत्तर द्यायला उभा राहिला.

"हा निव्वळ खोडसाळपणा आहे. माझी गाडी चमकते ती स्प्रे वॅक्समुळे! त्यात पाणी लागतच नाही. फवारा, पुसा, संपलं."

"असं होय," रॉस म्हणाला. "मग बाहेर माझी पिकअप उभी आहे. दाखव की मारून."

"त्या पिकअपवर? एवढ्या धुळीवर? रॉस, डोकं ठिकाणावर आहे का? ओरखडे पडतील! आधी ती धुवावी लागे..."

तो थांबला. पण उशीर झाला होता. पोस्टाच्या रांगेत हे वाक्य ज्यांनी वीस वर्षं ऐकलं होतं ती सगळी माणसं समोर बसली होती.

"आधी काय करावं लागेल?" मर्लने गोड आवाजात विचारलं. "मला नीट ऐकू नाही आलं."

नेव्हिल पेचात पडला. धुतली म्हणावं तर पाणीचोर ठरणार. धुळीवरच फडकं फिरवलं म्हणावं तर वीस वर्षांची शिकवण मातीत जाणार. खरं सांगायचं तर त्याला दुसऱ्या आरोपाची जास्त भीती वाटली.

"वापरलेल्या पाण्याने धुतो," तो शेवटी पुटपुटला. "कलम नऊ. अंघोळीचं वापरलेलं पाणी गाडीला चालतं."

"साबणाच्या पाण्याने?" रॉसने विचारलं. "त्याने तुझं मेण नाही निघून जात?"

"साबण नसतो त्यात."

"अंघोळ करतोस आणि साबण नाही?"

मागच्या रांगेत डोरीन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर सात महिन्यांचा हिशेब होता.

"तो अंघोळ करतच नाही," ती म्हणाली. "रोजची त्याच्या वाट्याची बादली भरतो, पायाचे दोन अंगठे त्यात बुडवतो आणि बाहेर काढतो. झालं पाणी वापरलेलं! मग शनिवारपर्यंत साठवतो. फेब्रुवारीपासून हेच चाललंय. आता सप्टेंबर आहे, मोजा बोटांवर."

रॉसने एकदा फरशीकडे आणि एकदा नेव्हिलकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे पॉसम नव्हताच."

नेव्हिलला वाटलं, आता जमीन दुभंगावी. तशी ती तीन वर्षांपासून दुभंगलेलीच होती, पण त्याला पोटात घ्यायला तीही तयार नसावी. गाडी गेली, मिरवणूक गेली, अब्रू गेली. पण रॉस कलम नऊ वाचत होता. ओठ हलवत त्याने ते दोनदा वाचलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळाच प्रकाश पडला. त्याचीही पिकअप एके काळी लाल होती.

"पण नियमात बसतं की हे," तो म्हणाला. "तक्रार फेटाळली. अंगठे दोन्ही बुडवावे लागतात का रे, नेव्हिल?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावातल्या दुकानातलं स्प्रे वॅक्स संपलं. शेजारच्या गावाहून चार खोकी मागवावी लागली. तीन वर्षं धुळीचा अभिमान मिरवणारी माणसं कलम नऊवर अशी तुटून पडली, जणू धुळीशी त्यांची कधी ओळखच नव्हती. तक्रारींचा फोन दिवसभर वाजायला लागला, पण तक्रार एकही नव्हती.

"नेव्हिल, उन्हात मारला तर चालतो का?"

"नाही! डाग पडतात. सावलीत. एका वेळी एकच दार."

"आणि हाताचा अंगठा चालेल का? मला वाकता येत नाही."

लोक या प्रकाराला ‘ट्रेम्बाथ पद्धत’ म्हणू लागले. नेव्हिलला आठवडाभर स्वर्ग दोन बोटं उरला. ज्यांनी वीस वर्षं नुसत्या माना डोलवल्या, ते आता वही घेऊन बसत होते. दुसऱ्या आठवड्यात मात्र तो मुख्य रस्त्याने निघाला आणि दोन्ही बाजूंना लाल, पांढऱ्या, हिरव्या, पिवळ्या गाड्या लखलखताना बघून त्याने गाडी कडेला घेतली. सगळं अगदी त्याने सांगितलं तसंच झालं होतं. त्याला रडू यायला लागलं. आपल्याला नुसती चमकणारी गाडी नको होती, बाकीच्यांच्या मळक्या गाड्याही हव्या होत्या, हे त्याला त्या रस्त्यावर कळलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्यात भर म्हणून रॉसने त्याला फाटकाबाहेर गाठलं. तो चार पावलं लांबच उभा राहिला. हल्ली गावात सगळेच एकमेकांपासून चार पावलं लांब उभे राहत.

"नेव्हिल, आता चाळीस गाड्या चमकतायत. तुझीच पुढे का, असं लोक विचारतात. आपण असं करू, आजींनाच निवडू दे."

"अरे, आजींना दिसतं कुठे?"

"म्हणून तर. पक्षपात नको."

मिरवणुकीच्या दिवशी अडतीस अंश तापमान होतं. जत्रेच्या मैदानात चाळीस गाड्या ओळीने उभ्या, काचा खाली, मालक आत. अ‍ॅग्नेसआजी काठी टेकत निघाल्या. डोळे गेले होते, पण बाकी सगळं शाबूत होतं, विशेषतः नाक. पहिल्या गाडीच्या खिडकीत त्यांनी डोकं घातलं आणि झटकन बाहेर काढलं. दुसऱ्या गाडीशी रुमाल काढला. नेव्हिलच्या खिडकीशी आल्यावर त्यांनी डोकं आत घातलंही नाही.

"हा तो मूळचा का?" त्यांनी विचारलं.

"हो, आजी," नेव्हिल अदबीने म्हणाला.

"वाटलंच," म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

त्या चाळीस गाड्यांच्या पलीकडे, ओळीच्या टोकाला, मर्लची गाडी होती. मर्लने ट्रेम्बाथ पद्धत वापरायला साफ नकार दिला होता. आपल्या वाट्याचं पाणी ती रोज स्वतःच्या अंगावर घेत होती, साबण लावून. गाडीवर तीन वर्षांची धूळ थरावर थर बसली होती. तिचा रंग कोणता हे आता फक्त मर्लला आठवत होतं. आजींनी खिडकीत डोकं घातलं आणि एक लांब, तृप्त श्वास घेतला.

"लव्हेंडरचा साबण," त्या म्हणाल्या. "दार उघड गं, पोरी." मर्लला पोरी म्हणवून घेऊन बरीच वर्षं झाली होती.

तर विराबिनचा एकशे पंचविसावा वाढदिवस असा साजरा झाला: सगळ्यांत पुढे गावातली सर्वांत मळकी गाडी, तिच्यात हात हलवणाऱ्या आजी, आणि मागे चाळीस लखलखत्या गाड्या. सचिव म्हणून नेव्हिलला दुसरी जागा मिळाली, अगदी मर्लच्या मागची. मैदानातला रस्ता मातीचा होता. मर्लच्या चाकांखालची धूळ उठत होती, टपावरची उडत होती, आणि सगळी निवांतपणे त्याच्या निळ्या बोनेटवर येऊन बसत होती. हात आपोआप फडक्याकडे जात होता आणि तो मागे घेत होता. धुळीवर फडकं! जीव गेला तरी नाही.

डोरीन शेजारी बसली होती, तोंड खिडकीबाहेर काढून.

"घरी आज तुझ्या वाट्याची एकच बादली आहे," ती बाहेर बघतच म्हणाली. "गाडीला की तुला?"

"कलम नऊप्रमाणे..."

"कलम राहू दे, नेव्हिल. गाडीला की तुला?"

नेव्हिलने बोनेटकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं. पस्तीस वर्षांचा संसार होता, आणि तिने पहिल्यांदाच इतका सोपा प्रश्न विचारला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, खरंच वाटली.

"गाडीला," तो म्हणाला.

डोरीनने पर्स उचलली, दार उघडलं, खाली उतरली आणि चालत पुढे जाऊन मर्लच्या गाडीत आजींच्या शेजारी बसली. मिरवणूक माणसाच्या चालीनेच चालली होती, त्यामुळे तिला पळावं लागलं नाही.